महापालिकेचं काम घ्यावं का? टेंडर निघायच्या आधी छोट्या संस्थेनं काय बघावं

मानखुर्दच्या एका ताईंनी विचारलंय, त्यांचा प्रश्न थोडक्यात असा. संस्था लहान आहे, वस्तीतल्या बायका आणि मुलांसोबत काम, चौदा जणांचा स्टाफ. कंपन्यांकडून येणारे सीएसआरचे पैसे मार्चला संपतायत. वॉर्ड ऑफिसातून निरोप आलाय की बेघरांसाठी पन्नास जणांचा निवारा चालवायला संस्था हवी आहे, टेंडर निघणार आहे. ट्रस्टी म्हणतायत घ्या, कार्यकर्ते म्हणतायत उद्या आपण ठेकेदार होऊ. आणि शेवटी विचारलंय की सरकारनं नक्की काय केलं तर आपल्यासारख्या संस्था टिकतील.

ताई, माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. कामाचा पूर्ण खर्च मिळत असेल तर घ्या, मिळत नसेल तर सोडून द्या, आणि खर्च पूर्ण मिळणार की नाही हे टेंडर निघायच्या आधी ठरतं. कागद एकदा पोर्टलवर चढला की तुमच्या हातात फक्त सही करणं उरतं. बाकी सगळं मी याच्याभोवतीच लिहिणार आहे.

कार्यकर्त्यांच्या भीतीपासून सुरुवात करते, कारण ती खरी आहे पण अर्धीच. सरकारसोबत काम केलं म्हणजे ठेकेदार झालो असं मुंबईत तरी म्हणता येत नाही. १९८४ मध्ये टिसनं, म्हणजे टाटा समाजविज्ञान संस्थेनं, मुंबई पोलिसांसोबत महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, पोलिसांच्या आवारात बसणारी पण पोलीस नसलेली समाजकार्यकर्ती, नवरा मारतोय म्हणून आलेल्या बाईचं आधी ऐकून घेणारी. पुढे राज्य सरकारनं तो आपला कार्यक्रम म्हणून उचलला आणि महाराष्ट्रभर नेला. १०९८ ही मुलांची हेल्पलाईन पण १९९६ मध्ये मुंबईतच सुरू झाली, तीही टिसमधूनच. एचआयव्हीचं काम बघा, मुंबईची वेगळी एड्स नियंत्रण सोसायटी १९९८ पासून आहे आणि कामाठीपुऱ्यात किंवा ट्रक टर्मिनलवर जाऊन लोकांशी बोलणं हे सरकारी नोकराला जमणार नाही हे तिथे पहिल्यापासून मान्य केलेलं होतं, म्हणून त्या त्या समूहातल्याच बायका आणि पुरुष पीअर एज्युकेटर म्हणून संस्थांमार्फत घेतले, किती लोकांमागे किती माणसं, त्यांचं मानधन किती, क्लिनिकचा खर्च किती हे आधी मांडून मग संस्थांना काम दिलं. हप्ते उशिरा येतात ही तक्रार तिथेही कायम असते, पण कामाची किंमत कशी काढायची याचा एक सांगाडा तरी होता.

पण १०९८ चं पुढे काय झालं तेही कार्यकर्त्यांना सांगा. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेखाली २०२३ पासून सरकारनं ही सेवा संस्थांकडून काढून स्वतःच्या यंत्रणेत घेतली. सरकारनं सेवेची जबाबदारी घेणं हे तत्त्व म्हणून योग्यच आहे, आपण सगळे तेच तर मागत असतो. मात्र ज्या संस्थांचं सगळं बजेट त्या एका कामावर उभं होतं त्यांना आपली माणसं घरी पाठवावी लागली. म्हणून एका सरकारी कामातून संस्थेची निम्म्याहून जास्त जमा येऊ देऊ नका. कायदा असं कुठे म्हणत नाही, पण या शहरात ज्या संस्था टिकलेल्या मी बघितल्या त्यांच्यात हे कॉमन आहे.

आता टेंडर. टेंडरच्या अटीच ठरवतात की काम कुणाला मिळणार. अंगणवाडीच्या पोषण आहाराचं उदाहरण घ्या. ऑक्टोबर २००४ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नकोत, बचत गट आणि महिला मंडळांकडून घ्या. तरीही २०१६ मध्ये आपल्या राज्यात घरपोच आहारासाठी जे टेंडर निघालं त्याच्या अटी अशा की गावातल्या साध्या बचत गटाला त्या पुऱ्याच करता येऊ नयेत, नावाला महिला संस्था आणि मागे मोठे पुरवठादार. बचत गट कोर्टात गेले आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते टेंडर रद्द केलं. म्हणजे कागदावर 'महिला संस्थांना प्राधान्य' असं ठळक लिहिलेलं असलं तरी खाली टर्नओव्हरच्या, म्हणजे वर्षाच्या उलाढालीच्या रकान्यात काय आकडा आहे ते आधी वाचायचं.

आपल्या वस्त्यांतलं जवळचं उदाहरण दत्तक वस्तीचं. वस्तीतल्याच मंडळांनी आणि छोट्या संस्थांनी गल्ल्या, गटारं साफ करायची आणि महापालिकेनं त्यांना पैसे द्यायचे, २०१३ पासून याचं नाव स्वच्छ मुंबई प्रबोधन अभियान झालं. त्या योजनेत दोष होतेच, झाडणाऱ्या माणसाच्या हातात फार थोडे पैसे पडायचे, काही ठिकाणी मंडळ म्हणजे एकाच कार्यकर्त्याचं घर होतं. पण यावर उपाय म्हणून २०२४ च्या सुरुवातीला महापालिकेनं काय काढलं, तर अख्ख्या मुंबईतल्या झोपडपट्ट्यांच्या सफाईसाठी चार वर्षांचं सुमारे १,४०० कोटींचं मोठं टेंडर. ते हायकोर्टात गेलं. माझ्या मते इथे विचारच उलटा झाला. मंडळाचा हिशोब कच्चा असेल तर त्याला अकाउंटंट द्या, माणसांना किमान वेतन द्या, वस्तीतल्या लोकांना तपासणीचा हक्क द्या, पण सोय म्हणून सगळं एका मोठ्या कंपनीच्या हवाली केलं की वस्तीतली माणसं कामावर राहिली तरी कामावर त्यांचा हक्क राहत नाही. पुण्यात 'स्वच्छ' नावाची कचरावेचकांची सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा घेते, आणि त्यामागे १९९३ पासूनची त्यांची युनियन उभी आहे. त्यांनाही कराराच्या प्रत्येक नूतनीकरणाला भांडावं लागतं, पण भांडायला माणसं आहेत, हा फरक.

आता तुमच्या निवाऱ्याचा हिशोब करू, सगळ्यात महत्त्वाचं हेच. बहुतेक टेंडरांत लिहिलेलं असतं तीन केअरटेकर, आठ-आठ तासांच्या तीन शिफ्ट. ऐकायला बरोबर वाटतं. पण आठवड्याच्या शिफ्ट होतात २१ आणि माणूस सुट्टी धरून ६ शिफ्ट करतो, म्हणजे साडेतीन माणसं लागतात, रजा-आजारपण धरलं तर चार. तिघांवर भागवायचं म्हटलं की कुणीतरी सलग डबल शिफ्ट करतं, रात्री झोपतं, आणि त्याच रात्री काहीतरी घडतं. तर चार केअरटेकर समजा १८ हजारांप्रमाणे ७२ हजार, एक मॅनेजर २८ हजार, एक समाजकार्यकर्ती २५ हजार, झाले १ लाख २५ हजार. पीएफ, ईएसआय, बोनस, ग्रॅच्युइटीची तरतूद साधारण १७ हजार. वीज, पाणी, चादरी धुणं, फिनेल, औषधं, पेस्ट कंट्रोल, किरकोळ दुरुस्ती ४६ हजार. आणि अकाउंटंटचा हिस्सा, ऑडिट, फोन, प्रवास, ट्रेनिंग, तुमचा स्वतःचा वेळ २२ हजार. बेरीज महिना २ लाख १० हजार. हे आकडे मी समजायला घेतलेत, तुमचे तुम्ही घाला. आता टेंडरचा दर समजा महिना दीड लाख निघाला, तर महिन्याला ६० हजार आणि वर्षाला ७ लाख २० हजार रुपये तुमची संस्था महापालिकेला देणगी देतेय. ज्या महापालिकेचं २०२५-२६ चं बजेट ७४ हजार कोटींच्या पुढे आहे तिला मानखुर्दच्या चौदा जणांच्या संस्थेनं देणगी द्यायची, याला काही अर्थ आहे का.

आणि एक गोष्ट बघा जी ट्रस्टींच्या लक्षात आली नसेल. तुमचे आत्ता चौदा, निवाऱ्याचे सहा, झाले वीस. वीस माणसं झाली की पीएफ लागू होतो, फक्त निवाऱ्याच्या सहांना नाही, सगळ्या संस्थेला. म्हणजे हे काम घेतल्यावर तुमच्या जुन्या चौदा जणांतल्या पात्र माणसांचाही मालकाचा हिस्सा तुम्हाला भरावा लागणार आणि तो कुठल्याच टेंडरमध्ये मिळणार नाही. माणसांना पीएफ मिळतोय हे चांगलंच आहे, मिळायलाच हवा, पण पैसे कुठून येणार ते आधी लिहून काढा. मानधन या नावाखाली हे टाळणाऱ्या संस्था असतात, त्या वाटेला जाऊ नका, दुसऱ्याच्या हक्कांसाठी उभं राहायचं आणि स्वतःच्या माणसाचा पीएफ बुडवायचा हे चालत नाही.

दुसरं, पैसे कधी येणार. अनुदान असेल तर सहसा आगाऊ हप्ता येतो आणि मग पैसे कशावर खर्च झाले त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचं. सेवा घेण्याचा करार असेल तर आधी तुम्ही खर्च करायचा, मग बिल लावायचं, मग ते टेबलाटेबलांवरून फिरणार. तुम्हाला यातलं कुठलं मिळतंय ते वॉर्डात पहिल्याच भेटीत विचारा. दीड लाखाचं बिल सहा महिने अडकलं तर ९ लाख रुपये बाहेर, आणि त्यावर कुणी व्याज देत नाही. एका खात्याचा हप्ता जवळजवळ वर्षभर आला नाही तेव्हा आमच्या कार्यकर्त्यांनी अर्ध्या पगारावर काम केलेलं मी बघितलंय, त्यातल्या दोघींनी मुलांच्या फीसाठी दागिने गहाण ठेवले. त्यानंतर मी नियम केला, तीन महिन्यांचा पगार बँकेत असल्याशिवाय बिलावर चालणारं काम घ्यायचं नाही.

हा राखीव पैसा कुठून आणायचा असं तुम्ही विचाराल. बऱ्याच ट्रस्टींचा समज असतो की धर्मादाय संस्थेनं पैसे शिल्लकच ठेवायचे नाहीत. तसं नाहीये. इन्कम टॅक्सच्या नियमात वर्षाच्या जमेतले ८५ टक्के संस्थेच्या कामासाठी वापरावे लागतात, १५ टक्के बाजूला ठेवता येतात आणि त्यासाठी कुणाची वेगळी परवानगी लागत नाही. शिवाय देणगीदारानं लेखी सांगून कॉर्पससाठी, म्हणजे संस्थेच्या कायमच्या निधीसाठी दिलेला पैसा वेगळा. दरवर्षी थोडं थोडं टाकत गेलात तर चार-पाच वर्षांत तीन महिन्यांचा पगार उभा राहतो. सीएसआरवाल्यांशीही यावर बोला, ते म्हणतात अॅडमिन खर्च ५ टक्क्यांपेक्षा जास्त देता येत नाही. ती ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चावर आहे, संस्थेनं प्रकल्प राबवायला केलेला थेट खर्च त्यात येत नाही, २०२१ च्या नियमांत हे स्पष्ट लिहिलंय. प्रिंट काढून समोर ठेवा. मी ठेवते.

सीएंना एक विचारून घ्या. हे काम तुमच्या ट्रस्ट डीडच्या कुठल्या उद्देशात बसतंय? गरिबांना मदत, शिक्षण, वैद्यकीय मदत यात बसत असेल तर ठीक, पण ते 'सर्वसाधारण लोकोपयोगी' या उद्देशात टाकलं गेलं आणि पैसे फी म्हणून येत असले तर अशी जमा एकूण जमेच्या २० टक्क्यांपुढे गेल्यावर त्या वर्षाची करसवलत जाऊ शकते. जीएसटीचंही तसंच, महापालिकेला दिलेल्या बऱ्याचशा निव्वळ सेवांना सूट आहे पण त्यात सामान-पुरवठा, जेवण वगैरे मिसळलं की गणित बदलतं. बिलाचं स्वरूप ठरण्याआधी विचारलं तर दुरुस्त होतं.

तुमच्या एरियात अजून दोन-तीन लहान संस्था आहेत असं तुम्ही लिहिलंय. त्यांच्यासोबत जा, एकट्या जाऊ नका. एकीचा टर्नओव्हर अटीत बसत नाही पण तिघींचा मिळून बसतो, एकीकडे आरोग्याची माणसं आहेत, एकीकडे व्यसनमुक्तीची. अडचण अशी की टेंडरमध्ये संस्थांचा गट चालेल असं लिहिलेलं असावं लागतं आणि ते आपण सांगितल्याशिवाय कुणी लिहीत नाही. मोठ्या संस्थेनं काम घेऊन लहानांना पैसे पुढे द्यायचे हा जुना रस्ता आता फार अरुंद झालाय. २०२० पासून परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देताच येत नाही, आणि देशातल्या पैशातही २०२३ च्या बजेटपासून एका ट्रस्टनं दुसऱ्याला दिलेल्या रकमेचे ८५ टक्केच खर्च म्हणून धरले जातात. त्यामुळे सरकारनंच गटाशी थेट करार करणं हाच उपाय राहतो.

यातून तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येते, सरकारनं काय करावं. सगळ्यात आधी विचारावं. सेवा कशी असावी हे निवाऱ्यात राहणाऱ्या माणसाला, फ्लायओव्हरखाली झोपणाऱ्या बाईला आणि तिच्यासोबत काम करणाऱ्या संस्थेला टेंडर लिहायच्या आधी विचारावं. सुप्रीम कोर्टानं २०१० मध्ये मोठ्या शहरांत एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा असा हिशोब सांगितला, २०११ च्या जनगणनेत मुंबई १ कोटी २४ लाख, म्हणजे सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत, शहर त्याच्या जवळपासही नाही. आणि जे आहेत त्यातले काही अशा जागी की काम मिळण्याच्या नाक्यापासून लांब, मग माणूस तिथे राहीलच कशाला, तो दादरच्या फुटपाथवरच झोपणार कारण सकाळी सहाला त्याला मार्केटात उभं राहायचंय. हे ऑफिसात बसून कळत नाही आणि त्यात अधिकाऱ्याचा दोष नाही, त्याला विचारायची पद्धतच घालून दिलेली नाही. मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपल्यावर तर काही वर्षं प्रशासकच होते, वस्तीनं प्रश्न नेऊन मांडायची ती एक जागाही त्या काळात बंद राहिली.

मग कराराची मुदत. अकरा महिने, एक वर्ष यात निवाऱ्यातल्या माणसाचं आधार, रेशनकार्ड, टीबीची ट्रीटमेंट, नोकरी यातलं काय पूर्ण होणार? ऑस्ट्रेलियात प्रॉडक्टिव्हिटी कमिशननं २०१७ च्या रिपोर्टमध्ये कुटुंब आणि समाजसेवांच्या करारांची मुदत सात वर्षं असावी अशी शिफारस केली होती, कारण पहिलं वर्ष माणसं जमवण्यात आणि शेवटचं वर्ष पुढच्या टेंडरच्या काळजीत जातं. आपण सात नको म्हणू, तीन अधिक दोन तरी मागू, त्यात महागाईप्रमाणे दरवाढ लिहिलेली. निवड सगळ्यात कमी दरावर नको. कामाची गुणवत्ता आणि दर दोन्हीला गुण देऊन निवडायची पद्धत सरकारी नियमात आहेच, सल्लागार कंपन्या नेमताना ती सर्रास वापरतात, निवाऱ्याला वापरायला काय हरकत आहे. कमी दरावर निवडलं तर दर कापला जातो तो केअरटेकरच्या पगारातून, दुसरीकडून कापायला काही नसतंच.

मोजमापाबद्दल मात्र सरकारलाच नाही, आपल्यालाही विचार करावा लागेल. फक्त रोजची हजेरी मोजली की संस्था पन्नास खाटा भरायला बघते, आणि फक्त 'किती जण नोकरीला लागले' मोजलं की दारू पिणारा, मानसिक आजार असलेला, टीबीचा पेशंट यांना दारातूनच परत पाठवायचा मोह होतो. ज्यांना निवाऱ्याची सगळ्यात जास्त गरज तेच बाहेर राहतात. म्हणून मी नेहमी मागते की अवघड माणसांची वेगळी नोंद असावी आणि त्यांच्यासाठी वेगळा दर असावा.

आवाजाचं काय, म्हणजे सरकारचे पैसे घेतले की सरकारविरुद्ध बोलता येतं का. येतं, जर हिशोब स्वच्छ असेल आणि पैशांचे दुसरे रस्तेही असतील तर. करारात 'महापालिकेच्या परवानगीशिवाय माध्यमांशी बोलू नये' असं कलम असलं तर ते निवाऱ्यातल्या व्यक्तींच्या खाजगी माहितीपुरतं ठेवा, धोरणावर बोलायचा हक्क लिहून देऊ नका. आणि हे लक्षात ठेवा की सरकारी पैशांवर मोठ्या प्रमाणात चालणाऱ्या संस्था माहिती अधिकाराखाली येतात असं सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये सांगितलंय, तेव्हा कुणी अर्ज करायच्या आधीच दर तिमाहीचा जमाखर्च निवाऱ्याच्या भिंतीवर लावा, मराठी आणि हिंदीत, तिथे राहणाऱ्याला वाचता येईल असा.

तर आता करायचं काय ते. या आठवड्यात वरचा खर्चाचा तक्ता तुमच्या आकड्यांनी भरा आणि शेजारच्या संस्थांनाही भरायला लावा. तिघींच्या सहीचं पत्र वॉर्डच्या समाज विकास अधिकाऱ्याला द्या, एक प्रत नियोजन विभागाला, आणि पोच घ्या. पत्रात चार केअरटेकर, तिमाही आगाऊ हप्ता, संस्थांच्या गटाला परवानगी, अनामत रकमेत सूट आणि तीन वर्षांची मुदत एवढंच मागा, भाषण नको. टेंडर निघालं की प्री-बिड मीटिंगला, म्हणजे अर्ज भरायच्या आधीच्या शंकांच्या बैठकीला, तिघी जा आणि प्रश्न लेखीच द्या, कारण लेखी प्रश्नाला लेखी उत्तर मागता येतं आणि अटीत बदल झाला तर त्याचं शुद्धिपत्रक निघतं, तोंडी बोललेलं कुठेच राहत नाही. दर तुमच्या तक्त्यातल्या पूर्ण खर्चाच्या खाली राहिला तर अर्ज करू नका, आणि का करत नाही हे त्याच अधिकाऱ्याला पत्रानं कळवा. मी असं पत्र दिलेलं आहे, पुढच्या वेळच्या अंदाजपत्रकात रिलिव्हर, म्हणजे सुट्टीच्या बदली केअरटेकरचा पगार आला होता.

आणि करार झालाच तर समाप्तीचं कलम नीट वाचा. तीस दिवसांच्या नोटिशीवर काम बंद असं बहुतेक ठिकाणी असतं. त्यात एवढं वाढवून घ्या की नवी संस्था येऊन माणसांची, औषधांची आणि कागदपत्रांची नोंद हातात घेईपर्यंत जुन्या संस्थेला खर्च मिळत राहील.